बियाण्याचा वानोळा

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विवाहातील खर्च, वसतिगृह, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवर-परिचय असे विषय प्रतिवर्षी चर्चिले जातात, आणि ते चर्चिले जावेत हे योग्यच आहे. तथापि आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घरांचा संसार ज्या मातीवर उभा आहे, त्या मातीत पडणाऱ्या बियाण्याविषयी येथे क्वचितच बोलले जाते. सोयरीक जुळविताना आपण कूळ, घराणे, आजोळ, वळण यांची चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु मिरगाच्या तोंडावर दुकानातून बियाण्याची पिशवी उचलताना तिचे कूळ कोणते आणि आजोळ कोठले हे विचारण्याचे आपणांस सुचत नाही. आज ते कूळ थोडे उलगडून पाहावे असा आमचा मानस आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांस शिकविले, एवढाच आमचा अधिकार. पण वाचलेले व समजलेले सोपे करून सांगणे हा शिक्षकाचा धर्मच आहे, आणि तो निवृत्तीनंतर सुटत नाही.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आपण मानतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खणली तरी लागणारे पाणी पिकाच्या कामाचे नसते. जिल्ह्यात पाऊस वर्षाकाठी सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो. जगाच्या हिशेबात हे काही वाळवंट नव्हे. आपले दुखणे पावसाच्या बेरजेत नसून त्याच्या वाटणीत आहे. मिरग बरसतो, पेरणी होते, आणि मग तीन तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. कधी नको तेव्हा चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडून जातो व काळी माती चिबडते. कोरडवाहू शेती म्हणजे या खंडांशी मांडलेला खेळ होय. त्या खेळात शेतकऱ्याच्या हाती दोनच सोंगट्या असतात: ओल धरून ठेवणारी मशागत आणि ताण सोसणारे बियाणे.

आता आपल्याच एका शेताच्या धुऱ्यावर उभे राहून पाहा. कपाशीची जी जात आज सर्वत्र दिसते ती मूळची मध्य अमेरिकेकडची. मका मेक्सिकोचा. सोयाबीन चीनचे, ते मध्य भारतात रुजले ते १९६० नंतर, जबलपूरचे कृषी विद्यापीठ आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ यांच्या सहकार्यातून. हरभरा फार प्राचीन काळी तुर्कस्तानाच्या बाजूने आला. ज्वारी आली सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातून आणि बाजरी पश्चिम आफ्रिकेतून. या दोघी हजारो वर्षांपूर्वी येथे येऊन इतक्या घरच्या झाल्या की त्या कधी काळी पाहुण्या होत्या हे आपण विसरलो. या सर्वांत अस्सल आपली म्हणावी ती तूर. तुरीचा उगम भारतातला, आणि येथून ती आफ्रिकेत गेली. केनिया, टांझानिया, मलावी येथील शेतकरी आज ती पिकवितात, आणि तेथील तूर जहाजाने परत आपल्या बाजारात येते. दिलेली लेक नातवंडे घेऊन माहेरी यावी, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या वऱ्हाडात वानोळा पाठविण्याची रीत आहे. शेतात काही नवे निघाले की त्यातले थोडे सोयऱ्याधायऱ्यांकडे व शेजाऱ्यांकडे पाठवावयाचे. आणि ज्याच्या घरी ते जाईल त्याने भांडे रिकामे परत करावयाचे नाही. राष्ट्राराष्ट्रांतील बियाण्यांची व शेतीशास्त्राची देवघेव ही आमच्या मते अशाच वानोळ्याची मोठी आवृत्ती होय. आलेल्या वानोळ्याने आपणांस काय दिले, आपण काय परत पाठविले, आणि यापुढे भांड्यात घालावयास आपल्या घरी काही उरणार आहे की नाही, हे तीन प्रश्न आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण येथील अनेकांस असेल. रेशनच्या दुकानात तेव्हा अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला लोक ‘मिलो’ म्हणत. ती भाकरी कोणास गोड लागली असे ऐकिवात नाही. पण तिने प्राण वाचविले हेही खरे. मात्र हाच मिलो त्यापूर्वीच निराळ्या वाटेने आपल्या देशात आलेला होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते. त्याची हकीगत अशी: ज्वारीच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही अंगे असल्यामुळे तिचा संकर मोठ्या प्रमाणावर करणे अशक्यप्राय होते. १९५४ मध्ये टेक्सासमधील स्टीफन्स आणि हॉलंड या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मिलो जातीच्या मातृकुळात काफिर नावाच्या जातीचे बीज पिढ्यानुपिढ्या मुरविले असता नरअंग वांझ झालेले झाड मिळते. ते झाड दुसऱ्या वाणाच्या परागाने फळविले की संकरित दाणा तयार! या दोन्ही जाती अमेरिकेत गेल्या होत्या त्याही आफ्रिकेतूनच. हे मातृवाण रॉकफेलर फाउंडेशन व भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या सहकार्यातून भारतात आले, आणि १९६४ मध्ये सी. एस. एच. १ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसृत झाले. पुढे त्यात सुदानकडील वाणांचे रक्त मिसळून सी. एस. एच. ५ व सी. एस. एच. ९ ही वाणे निघाली, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी बसला.

बंधूंनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. मिलो पोत्यांतून आला तेव्हा आपण तो खाल्ला आणि पोते झटकून ठेवले; पुढच्या वर्षासाठी त्यातून काही उरले नाही. तोच मिलो प्रयोगशाळेच्या पुडीतून आला तेव्हा त्याच्यापासून आपल्या शास्त्रज्ञांनी नवी घराणी उभी केली. धान्य मागून आणले तर एक हंगाम निभतो. विद्या आणि बीज आणले, व ते हाताळणारी माणसे घरात असली, तर पिढ्या निभतात. म्हणूनच ज्या १९७२ साली आपला प्रांत दुष्काळाने होरपळत होता, त्याच साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कमी पावसाच्या उष्ण प्रदेशांतील पिके, म्हणजे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग व भरडधान्ये, हा तिचा विषय. तिच्या बीजकोठारात १४४ देशांतील सव्वा लाखाहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. आपल्या आजीबाईंच्या उतरंडीचेच हे जागतिक रूप म्हणावयाचे.

या संस्थेची व आपल्या वऱ्हाडाची गाठ फार लवकर पडली. १९७५ मध्ये कोरडवाहू खेड्यांचा संसार कसा चालतो हे समजून घेण्यासाठी तिने जी सहा खेडी निवडली, त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण यांच्याबरोबर शेजारच्या अकोला जिल्ह्यातील कानझारा व किनखेडा ही दोन होती. अभ्यासक गावातच मुक्काम करीत आणि निवडलेल्या घरांचा पेरा, मजुरी, उत्पन्न व खर्च यांची नियमित नोंद घेत. शेतकऱ्याने ज्वारीत तूर, कपाशीत तूर-मूग असे मिश्रपीक घेतले की त्यास पूर्वी अडाणी म्हणण्याची चाल होती. या व अशा अभ्यासांनी त्या चालीस चांगला धक्का दिला. ज्वारी लवकर निघते, तूर मागाहून वाढते व खोलवरची ओल घेते. एक बुडाले तर दुसरे तारते. आपल्या वाडवडिलांनी तिफणीच्या सरत्यांतून जो हिशेब मांडला होता, तोच शास्त्राने आपल्या भाषेत पडताळून दिला. वानोळ्यात आपल्याकडून गेलेली ही एक वस्तू होय: अनुभवाची.

दुसरी वस्तू तुरीची. तुरीवरील मर रोगाने हाताशी आलेले पीक उभ्या उभ्या वाळते हे आपण जाणतोच. महाराष्ट्रातील एका गावठी तुरीच्या कुळातून निवड करीत इक्रिसॅटने मर रोगास न जुमानणारे वाण वेगळे काढले; १९८६ मध्ये ते कर्नाटकात ‘मारुती’ या नावाने प्रसृत झाले व तेथून आपल्या राज्यातही पसरले. म्हणजे औषध आपल्याच गावठी बियाण्यात होते. ते ओळखणारी दृष्टी मात्र जागतिक सहकार्यातून लाभली. त्यानंतर १९९३ मध्ये मर व वांझ या दोन्ही रोगांस तोंड देणारे ‘आशा’ हे वाण आले. २०११ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी, तसेच इक्रिसॅटच्या पुढाकाराने अमेरिका, चीन इत्यादी देशांतील शास्त्रज्ञांनी, तुरीची संपूर्ण आनुवंशिक लिपी वाचली, तेव्हा पोथी म्हणून समोर ठेवली गेली ती हीच ‘आशा’. गहू, भात, मका या श्रीमंतांच्या पंक्तीत तोवर न बसलेली गरिबाची डाळ त्या दिवशी जगाच्या शास्त्रपंक्तीत मानाने बसली.

हरभऱ्याची गोष्ट तर घराघरांतली आहे. घाटावर असो वा घाटाखाली, ‘जाकी’ हे नाव ज्यास ठाऊक नाही असा हरभरा उत्पादक विरळाच. जाकी ९२१८ हे वाण जबलपूर, अकोला व इक्रिसॅट यांच्या एकत्रित प्रयत्नाचे फळ आहे, आणि त्याच्या नावातली अक्षरेही तीच खूण सांगतात. रब्बीचा हरभरा पावसावर नव्हे, तर मातीत उरलेल्या ओलीवर जगतो. दाणा भरण्याच्या वेळी ओल संपली की घाटे पोचट राहतात. यावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांस भारतातलेच एक हरभऱ्याचे वाण सापडले. त्यास नावही नाही, आय. सी. सी. ४९५८ हा नुसता क्रमांक आहे. पण त्याच्या मुळ्या खोल व दाट जातात. त्या मुळ्यांचा गुण ज्या आनुवंशिक भागात आहे तो हेरून तो दुसऱ्या चांगल्या वाणांत उतरविण्यात आला. त्यातूनच २०१९ मध्ये इथिओपियात ‘गेलेतू’ नावाचे वाण प्रसृत झाले. भारतीय हरभऱ्याची मुळे आज इथिओपियाच्या मातीत ओल शोधीत आहेत!

आणि इथिओपियाने भांडे रिकामे ठेवले नाही. तेथील ज्वारीच्या एका गावठी वाणात असा गुण आढळला की पाऊस संपल्यावर इतर ताटे करपतात, तरी त्याची पाने हिरवी राहतात. अमेरिकेतील टेक्सास, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड आणि इक्रिसॅट येथील शास्त्रज्ञांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. तेव्हा उलगडले ते असे की हे झाड फुलोऱ्यापूर्वी आपला पसारा आवरून धरते, पाणी बेताने खर्चते, आणि वाचविलेले पाणी दाणा भरताना उपयोगात आणते. सुगी झाली म्हणून हात सैल न सोडता आखाजीपर्यंत कणगी पुरविणाऱ्या आपल्या घरच्या लक्ष्मीचीच ही रीत. हा गुण आपल्याकडील रब्बी ज्वारीच्या वाणांत उतरविण्याचे काम इक्रिसॅटमध्ये हाती घेण्यात आले. बाजरीतही असेच घडले. आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागातील एका गावठी बाजरीतून निवडलेले टपोऱ्या दाण्याचे वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रात आले, आणि त्यातूनच पुढे राहुरीच्या विद्यापीठाने लोहाचे प्रमाण अधिक असलेली ‘धनशक्ती’ बाजरी २०१२ मध्ये दिली.

बियाण्याबरोबर मशागतीचीही देवघेव झाली. काळ्या मातीत पावसाचे पाणी साचू नये आणि खंड पडला तर ओलही टिकावी, यासाठी रुंद वरंबा व सरीची पद्धत इक्रिसॅटने १९७० नंतरच्या दशकात काळ्या जमिनींसाठी विकसित केली. तिच्याकरिता जीन नोल या फ्रेंच अभियंत्याने योजिलेले बैलचलित बहुउपयोगी अवजार वापरण्यात आले. आज आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची पेरणी ‘बीबीएफ’ यंत्राने करा असे कृषी खाते सांगते, ती हीच पद्धत. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला इतकेच.

येथे कोणी म्हणेल की ही सारी परदेशी विद्वानांची कामगिरी. यात आपल्या माणसांचा वाटा काय? त्यास आम्ही पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव सांगू. हे वर्ध्याकडचे. स्वातंत्र्याच्या ध्यासाने देशाबाहेर पडले, अमेरिकेत गदर चळवळीत सामील झाले, आणि तेथेच त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. मायदेशाचे दार ब्रिटिशांनी बंद केल्यावर ते मेक्सिकोत गेले व १९२४ पासून चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले. मका व गहू यांच्या अवर्षणात व थंडीत तग धरणाऱ्या जाती काढण्याचे काम त्यांनी केले, आणि गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने भाकर वाटून खाणाऱ्यांच्या आपल्या भित्तिचित्रात या वैदर्भी माणसाची मूर्ती रंगविली. ते १९५५ मध्ये स्वदेशी परतले, नागपुरास राहिले आणि जानेवारी १९६७ मध्ये निवर्तले. त्यांच्या निधनाच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, मेक्सिकोहून गव्हाचे १८,००० टन बियाणे भारतात आले आणि हरितक्रांतीची पहाट झाली. ते बियाणे नॉर्मन बोर्लॉग यांच्या संशोधनाचे होते आणि त्यात जपानी बुटक्या गव्हाचे रक्त होते. खानखोजे यांनी ज्या भूमीत कृषिविद्या वाटली, त्याच भूमीतून मातृभूमीस ही भेट आली, हे त्यांस हयातीत पाहावयास मिळाले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. तेथे पुतळा आहे. आपल्या शाळांत मात्र किती मुलांस हे नाव ठाऊक आहे, याचा विचार आपण शिक्षकांनी करावयाचा आहे.

दुसरे नाव डॉ. पंजाबराव देशमुख यांचे. देशाचे कृषिमंत्री असताना त्यांनी १९५९ च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषि प्रदर्शन भरविले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तेथे आले होते. जगाची शेती भारतीय शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहावी हा त्यामागचा हेतू. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये निघाले ते त्यांचेच नाव मिरवीत आहे.

बंधुभगिनींनो, येथवर आम्ही वानोळ्याची गोड बाजू सांगितली. तिला दुसरी बाजू आहे, आणि तीच आज आम्हांस अधिक बोचते.

संकरित बाजरीचे पहिले वाण १९६५ मध्ये आले. त्याचे मातृकुळ अमेरिकेतील जॉर्जियाचे. उत्पन्न भरघोस आले, मैलच्या मैल एकाच कुळाची बाजरी डोलू लागली. आणि १९७१ पासून केवडा रोगाने ती झोडपली. सर्वांचे रक्त एक, म्हणून सर्वांचा रोगही एक. शास्त्रज्ञांनी नवे प्रतिकारक्षम वाण शोधले ते जुन्या गावठी वाणांच्या साठ्यातूनच. कपाशीचे आपण स्वतः भोगले आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीस परवानगी मिळाली, पहिली काही वर्षे फवारणी वाचली. पण पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने बोंडे आतून पोखरून काढली. दर हंगामात बियाणे नव्याने विकत घ्यावयाचे, त्यावर खत, त्यावर फवारणी, आणि या सर्वांसाठी उसनवार. पाऊस खंडला की पीक जाते, कर्ज राहते. पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांना विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांत आपला बुलढाणा होता. त्या यादीत जिल्ह्याचे नाव का आले, हे या सभेत कोणास सांगावयास नको. आपल्या ज्ञातीतीलही काही घरांची चूल त्या वर्षांत विझली. ते दुःख आम्ही भाषणाचा विषय करणार नाही. पण ते बाजूस ठेवून बियाण्याविषयी बोलणेही आम्हांस शक्य नाही.

आणखी एक हानी तर गाजावाजा न होता झाली. सोयाबीन आले, रोख पैसा आला आणि ज्वारी मागे सरली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर शेणखत गेले आणि मातीचा ओल धरण्याचा गुण उणावला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ते भारताच्याच पुढाकाराने. जग ज्वारी-बाजरीचे गुण गात असताना आपल्या कणगीत ती नसावी, यासारखा विपर्यास कोणता?

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी आपण सर्व जाणतो. अक्षय्य तृतीयेस शेतात घट मांडून भोवती अठरा धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांवरून पीकपाण्याचे भाकीत वर्तवितात. त्या भाकितावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. आमचे लक्ष मात्र त्या धान्यांकडे जाते. त्यांत ज्वारी, तूर, हरभरा आहेत. तसेच अंबाडी, जवस, तीळ, करडई आणि भादलीही आहे. पूर्वजांनी जणू जिल्ह्याच्या बियाण्यांची हजेरीवहीच त्या रिंगणात मांडून ठेवली आहे. आज ही हजेरी घ्यावयाची म्हटली तर आपल्यापैकी किती घरांतून भादली मूठभर तरी निघेल? बाजारातून आणून मांडलेले धान्य रिंगणाची शोभा राखील. पण या मातीत शंभर उन्हाळे सोसून मुरलेले बियाणे एकदा नाहीसे झाले की ते कोणत्याही बाजारात मिळत नाही.

हे जगालाही फार उशिरा कळले. सीरियातील अलेप्पो शहराजवळ कोरडवाहू पिकांचे असेच एक आंतरराष्ट्रीय बीजकोठार होते. २०१२ नंतर तेथे युद्धाचा वणवा पेटला आणि शास्त्रज्ञांस स्थलांतर करावे लागले. सुदैवाने त्यांनी बियाण्यांचे जोड-नमुने आधीच नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड येथील हिमाच्छादित कोठारात पाठविलेले होते. २०१५ मध्ये ते तेथून परत मागविण्यात आले आणि लेबनॉन व मोरोक्को येथे पुन्हा पेरून वाढविण्यात आले. यातून आपण एवढेच शिकावयाचे की बियाणे एकाच घरी, एकाच हाती ठेवू नये. चार घरी वाटलेला वानोळाच संकटात परत मिळतो.

मग आपण काय करावे? केवळ उपदेश करून आम्ही बसणार नाही. मंडळाच्या विचारार्थ चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली: प्रत्येक शेतकरी घराने आपल्या शेतातील निदान एका सरळ वाणाचे बियाणे स्वतः राखावे. टपोरी कणसे, निरोगी झाडे उभ्या पिकातच हेरून खूण करावी, उन्हात वाळवून राख वा कडुलिंबाचा पाला घालून ठेवावे, आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व छापील नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. आपल्या परंपरागत वाणाची स्वतःच्या नावे नोंदणी करण्याची सोयही त्यात आहे. हक्क वापरला नाही की गंजतो.

दुसरी: पुढील वर्षापासून या मेळाव्यात वधूवर-परिचयाच्या मंडपाशेजारी बियाण्यांचा एक मंडप असावा. ज्याच्याकडे जे जुने वाण असेल ते त्याने मूठभर आणावे, गाव व शेतकऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहावे, आणि जाताना दुसऱ्याचे मूठभर न्यावे. हे काम भगिनींनी हाती घ्यावे अशी आमची विशेष विनंती आहे, कारण बियाणे राखणे हे आजवर घराघरांतून त्यांनीच केले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावठी वाणांची बीजपेढी उभी केली, आणि २०२० च्या पद्मश्रीने देशाने त्यांचा गौरव केला. शाळेची पायरी चढलेल्या आपल्या लेकीसुनांनी त्यांच्याहून कमी का करावे?

तिसरी: आपल्या गावी एक पर्जन्यमापक ठेवून रोजच्या पावसाची नोंद शाळेतल्या मुलांकडून करवावी. कानझाऱ्याच्या नोंदी जगभरच्या अभ्यासकांनी वाचल्या, कारण त्या सातत्याने घेतल्या गेल्या. आपल्या गावाचा दहा वर्षांचा पाऊस कागदावर असेल तर अकोल्याच्या शास्त्रज्ञास किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या अधिकाऱ्यास आपण नेमका प्रश्न विचारू शकू. आणि नेमक्या प्रश्नासच नेमके उत्तर मिळते.

चौथी: मंडळाच्या शिष्यवृत्तीत एक जागा कृषिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वा विद्यार्थिनीसाठी राखावी. आपली मुले पुण्यास, बंगळूरास, परदेशास जातात याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्यांतील एखाद्याने वनस्पतींचे आनुवंशिक शास्त्र शिकावे, टेक्सासात वा क्वीन्सलंडात जाऊन ज्वारीचा ताण अभ्यासावा, आणि तेथल्या मंडळींस सांगावे की माझ्या वडिलांच्या शेतात एक ज्वारी आहे, ती मी आपणांस दाखवितो. मिलो पुडीतून आला तेव्हा त्याचे मोल जाणणारी माणसे या देशात होती म्हणूनच तो फळला. तशी माणसे आपल्या घरांतून निघाली पाहिजेत.

ज्वारीने हिरवेपणा कोठून आणला, हरभऱ्याने मुळे कोठे धाडली, तुरीचे औषध कोणाच्या बांधावर होते, हे आपण पाहिले. ज्या देशांनी हे दिले-घेतले त्यांपैकी बरेच आपल्याइतकेच, कित्येक आपल्याहूनही गरीब आहेत. त्यांच्याही शेतावर आभाळ रुसते, त्यांच्याही घरी पेरणीची चिंता असते. कोरडवाहू शेतकरी हीच एक जगभर पसरलेली ज्ञाती आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्या मोठ्या ज्ञातीत वावरताना आपले घर रिकाम्या भांड्याचे म्हणून ओळखले जाऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे. येता मिरग सर्वांच्या शेतावर वेळेवर व बेताने बरसो अशी प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतो.